दुसऱ्याच्या बाटलीतली वाईन

सिसिलीचं आग्नेय टोक ट्युनिस शहरापेक्षाही थोडं दक्षिणेला आहे. देश युरोपातला, ऊन आफ्रिकेचं. या टोकावर पाकीनो नावाचं गाव आहे, दोन बाजूंना समुद्र, पायाखाली चुनखडीची पांढुरकी माती, आणि उन्हाळ्यात महिनोन्महिने पावसाचा थेंब नाही. इतक्या उन्हात द्राक्षात साखर झपाट्याने चढते, पण त्याच वेगाने आंबटपणा उतरतो. मग वाईन जड आणि चवीला आळणी होते. इथली काळी द्राक्षं मात्र हा नियम पाळत नाहीत. साखर भरपूर, सालीत गडद रंग, आणि तरीही आम्ल टिकून. ही जात म्हणजे ‘नेरो दाव्होला’, आव्होलाची काळी. आव्होला हे पाकीनोच्या उत्तरेला, त्याच किनाऱ्यावरचं गाव.

रंग, दारू आणि आंबटपणा हे तिन्ही गुण एका द्राक्षात असणं ही कुणाही वाईन करणाऱ्याची चैन. सिसिलीच्या बाबतीत मात्र हीच चैन शंभर वर्षं अडचणीची ठरली. कारण ज्यांच्या वाईनमध्ये यातलं काही कमी पडायचं, त्या सगळ्यांना ही वाईन हवी होती, आणि स्वतःच्या नावाखाली हवी होती. फ्रान्समध्ये अशा मिसळीच्या दणकट वाईनला ‘डॉक्टर वाईन’ म्हणत. रोगी बरा व्हायचा आणि नाव रोग्याचं व्हायचं.

ही जात मूळ कुठली, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. इटलीच्या सरकारी नोंदवहीत तिचं नाव आजही ‘कालाब्रेझे’ आहे, म्हणजे समोरच्या कालाब्रिया प्रांताचं. पण ती तिथून आल्याचा भक्कम पुरावा नाही. फ्रान्चेस्को कुपानी या वनस्पतिशास्त्रज्ञ साधूने १६९६ मध्ये सिसिलीतल्या एका राजबागेतल्या झाडांची यादी छापली, तिच्यात ‘कालाव्ह्रीसी’ असं नाव येतं. म्हणजे तेव्हा ती बेटावर चांगलीच रुळली होती. एवढं आपल्याला पुरे.

ती पसरली कशी, हे अधिक बोलकं आहे. दक्षिण सिसिलीतलं व्हित्तोरिया हे गाव १६०७ मध्ये मोदिकाची काउंटेस व्हित्तोरिया कोलोन्ना हिने वसवलं. तिने पहिल्या ७५ वसाहतकऱ्यांना प्रत्येकी साधारण हेक्टरभर जमीन देऊ केली, अट एकच: आणखी तेवढ्याच जमिनीवर द्राक्षं लावायची. पाकीनो त्यानंतर दीडशे वर्षांनी, १७६० मध्ये वसलं. स्ताराब्बा या सरदार घराण्याने ते वसवलं आणि माणसं आणली ती बरीचशी माल्टाहून. ओसाड जमीन, नवी वस्ती आणि द्राक्षवेल, असं हे एकत्र वाढत गेलेलं गणित आहे. वेल कोरड्या, दगडाळ जमिनीत तगते, आणि एकदा लावली की माणसाला जागेशी बांधून ठेवते. जमीनदाराला हेच हवं होतं.

त्या काळी सिसिलीच्या वाईनचं जगात एकच नाव होतं, मार्साला. ती पश्चिम टोकाची, मुख्यतः पांढऱ्या द्राक्षांची आणि वरून दारू घालून टिकवलेली. १७७३ मध्ये जॉन वुडहाऊस या इंग्रज व्यापाऱ्याने तिचा पहिला मोठा साठा इंग्लंडला पाठवला. मार्सालाला इंग्रज पेढ्या आणि भांडवल मिळालं. आग्नेयेच्या काळ्या वाईनला व्यापारी मिळाले. पेढी मिळाली नाही.

ती वाईन तयार व्हायची ‘पालमेन्तो’मध्ये. जाड भिंतींची, कौलारू, बहुधा उताराला टेकून बांधलेली इमारत. वरच्या अंगाला खिडकी असायची. बागेतून डोक्यावर, खांद्यावर आलेल्या करंड्या त्या खिडकीतून आत रित्या व्हायच्या. आत उंच काठांचा दगडी ओटा. त्यावर गडी ओळीने उभे राहून द्राक्षं तुडवायचे, एका तालात, तासन् तास. रस ओट्याच्या तोंडातून खालच्या दगडी हौदात पडायचा. उरलेला चोथा एकत्र ढीग करून त्यावर लाकडाचा प्रचंड दांडा आणायचा, कधी अख्ख्या झाडाच्या खोडाचा. दांड्याच्या दुसऱ्या टोकाला लाकडी मळसूत्र, मळसूत्राला भला मोठा दगड. गडी मळसूत्र फिरवत, दगड जमिनीवरून उचलला जाई, आणि त्याच्या वजनाने दांडा चोथ्यातला शेवटचा थेंब काढी. पंप नाही, थंडावा नाही. सप्टेंबरच्या उष्म्यात हौदातला रस आपोआप उकळ्या फुटल्यासारखा आंबायचा. त्यातून येणारी वाईन दणकट, काळसर, १४-१५ टक्के दारूची. ती पिंपांत भरून गाड्यांवरून मार्झामेमी किंवा स्कोलिती अशा लहानशा बंदरांवर जायची आणि तिथून जहाजात.

बागेतही सगळं हातानेच. वेल मांडवावर चढवत नसत. ‘आल्बेरेल्लो’ म्हणजे छोट्या झाडासारखी, गुडघ्याएवढ्या खोडाची राखत. तारा नाहीत, वेल दाट लावलेली, घड जमिनीच्या जवळ. पानांची सावली घडांवर पडते आणि तळपत्या उन्हात जमिनीतली ओल पुरते. पण या पद्धतीत प्रत्येक वेलीपाशी माणसाला वाकावं लागतं. पुढच्या सगळ्या गोष्टीत ही बाब महत्त्वाची आहे.

या लहानशा व्यापाराचा महापूर केला तो एका किड्याने. अमेरिकेतून आलेली, माव्याच्या जातकुळीतली ‘फायलोक्सेरा’ ही कीड मुळांवर जगते आणि युरोपची वेल तिच्यापुढे टिकत नाही. १८६० च्या दशकात दक्षिण फ्रान्समधल्या बागा वाळायला लागल्या. १८६८ मध्ये प्लांशों या शास्त्रज्ञाने कारण शोधलं. १८७५ मध्ये फ्रान्सने ८ कोटी हेक्टोलीटरच्या वर वाईन केली होती. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ते उत्पादन तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आलं. फ्रेंच माणूस मात्र प्यायचा थांबला नाही. मार्से, बोर्दो आणि विशेषतः सेत या बंदरांतल्या व्यापाऱ्यांनी बाहेरची वाईन आणायला सुरुवात केली, आणि त्यांना हवी होती तीच गोष्ट पाकीनोकडे होती. पातळ, फिकी वाईन या काळ्या वाईनने सावरता येत होती.

सिसिलीत द्राक्षबागांची लाट आली. गव्हाची आणि चराऊ जमीन मोडून वेली लागल्या. १८८० च्या दशकात बेटावर ३ लाख हेक्टरहून जास्त क्षेत्र द्राक्षाखाली होतं. मोठे जमीनदार दीर्घ मुदतीच्या करारावर जमीन देत. वेल लावायची, वाढवायची ती कुळाने, अनेकदा कर्ज काढून. वेल फळायला तीन-चार वर्षं लागतात, तोवर व्याज चालूच. पण भाव चढा होता, जहाजं येत होती, आणि पुढच्या हंगामात सगळं फिटेल असं वाटत होतं. या लोकांना भोळं म्हणणं सोपं आहे. पण समोर रोख पैसे मोजणारा गिऱ्हाईक उभा असताना बाटल्या, लेबलं, पेढ्या यांच्यामागे कोण लागेल? निनावी विकण्यात नफा होता म्हणून ते निनावी विकत होते. खोट इतकीच होती की भाव ठरवण्याची सगळी ताकद विकत घेणाऱ्याच्या हाती गेली होती, आणि तो गिऱ्हाईक एकाच देशातला होता.

तो देश एका फटक्यात बंद झाला. १८८१ मध्ये फ्रान्सने ट्युनिसिया घेतला, तेव्हापासून इटलीशी त्याचं बिनसलं होतं. १८८२ मध्ये इटलीने जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीशी युती केली. १८८७ मध्ये उत्तरेतल्या कारखान्यांना आणि गव्हाच्या जमीनदारांना संरक्षण देणारे जबर जकातदर इटलीने लावले आणि फ्रान्सशी असलेला व्यापारी करार मोडीत निघाला. १८८८ च्या सुरुवातीला फ्रान्सने उलट जकात बसवली, आणि त्यात सर्वांत मोठा बळी गेला तो वाईनचा. १८८७ मध्ये इटलीतून फ्रान्सला सुमारे २८ लाख हेक्टोलीटर वाईन गेली होती. काही वर्षांतच ती दहाव्या हिश्श्याच्याही खाली आली. तेव्हा पंतप्रधान होता फ्रान्चेस्को क्रिस्पी, गॅरिबाल्डीबरोबर लढलेला, जन्माने सिसिलीचा. संरक्षण मिळालं उत्तरेच्या गिरण्यांना आणि किंमत मोजली त्याच्याच बेटावरच्या शेतकऱ्यांनी.

फ्रान्सला तोवर गरजही उरली नव्हती. अमेरिकन खुंटावर कलमं करून तिथल्या बागा पुन्हा उभ्या राहत होत्या, आणि अल्जेरियात फ्रेंच वसाहतवाल्यांनी स्वतःच्याच काळ्या वाईनचे मळे पिकवले होते. १८९८ मध्ये इटली-फ्रान्सचा व्यापारी समेट झाला खरा, पण गेलेला बाजार परत आला नाही.

आणि दरम्यान तोच किडा सिसिलीत पोचला होता. १८८० मध्ये तो बेटाच्या मध्यभागातल्या रियेझी गावाजवळ सापडला. ज्या किड्याने पैसा आणला, त्याच किड्याने मुळं खाल्ली. भाव पडलेले, बागा वाळत चाललेल्या आणि कर्ज डोक्यावर, अशा तिहेरी कात्रीत छोटा शेतकरी सापडला. १८९१ मध्ये कॅटानियात ज्युसेप्पे दे फेलीचे याने शेतकरी-कामगारांची पहिली ‘फॅशो’ संघटना काढली (पुढच्या फॅसिस्टांशी तिचा संबंध नाही), आणि दोन वर्षांत अशा संघटना बेटभर पसरल्या. गंधकाच्या खाणींतली मंदी आणि गव्हाचे भाव यांच्याबरोबर वाईनचं संकटही त्या असंतोषाच्या मुळाशी होतं. जानेवारी १८९४ मध्ये पुन्हा पंतप्रधान झालेल्या क्रिस्पीने लष्करी कायदा पुकारून त्या चिरडल्या. त्यानंतर सिसिलीतून न्यूयॉर्क, न्यू ऑर्लिन्स आणि ब्वेनोस आयरेसकडे जाणाऱ्या जहाजांची गर्दी वाढतच गेली. ते सगळेच वाईनमुळे गेले असं म्हणता येणार नाही, पण वेलीपाशी वाकणारे बरेच हात त्यांत होते.

ज्यांच्याकडे भांडवल होतं ते मात्र टिकले, हेही सांगायला हवं. पाकीनो वसवणाऱ्या स्ताराब्बा घराण्यातला मार्क्विस आन्तोनिओ दी रुदिनी याच दशकात क्रिस्पीशी खो-खो खेळत दोनदा पंतप्रधान झाला. पाकीनोजवळच्या त्याच्या जहागिरीत त्याने प्रचंड मोठा पालमेन्तो बांधला. ती इमारत आजही त्याच्या नावाने ओळखली जाते.

बागा परत लागल्या त्या खुंटरोपांवर. पालेर्मोच्या सरकारी रोपवाटिकेत फेदेरिको पॉल्सन याने आणि बेटावरच आन्तोनिनो रुजेरी याने, चुनखडीत आणि दुष्काळात तग धरणारे संकरित खुंट तयार केले. ११०३ पॉल्सन आणि १४० रुजेरी ही नावं आज जगभरच्या द्राक्षपट्ट्यांत चालतात. नाशिक-सांगलीत डॉगरिज आणि ११० आर यांच्या चर्चेत तीही कानावर येतात. सिसिलीची ही देणगी तिच्या कुठल्याही वाईनपेक्षा जास्त देशांत पोचली असावी, असं मला वाटतं.

विसाव्या शतकाचा बराचसा काळ भराभर सांगता येईल, कारण गिऱ्हाईक बदलला आणि धंदा तोच राहिला. फ्रान्सच्या जागी उत्तर इटलीतले व्यापारी आले. १९३० च्या दशकात पाकीनोला रेल्वे पोचली, तिचा मोठा उपयोग वाईन वाहून नेण्यासाठीच होता. दुसऱ्या महायुद्धानंतर सहकारी वाइनरी उभ्या राहिल्या. शेतकऱ्याला दर टनाला आणि द्राक्षातल्या साखरेला भाव, म्हणून आल्बेरेल्लो काढून ‘तेन्दोने’ म्हणजे आपल्यासारखे उंच मांडव आले, पांढऱ्या जाती आल्या, पाणी आलं आणि उत्पादन दुप्पट-तिप्पट झालं. खपणार नाही ती वाईन युरोपीय समुदाय पैसे देऊन विकत घेई आणि तिची दारू गाळून टाकी. पुढे १९८० च्या दशकाअखेरीस तर वेली उपटायलाच पैसे मिळू लागले. गिऱ्हाईक म्हणून सरकारासारखं दुसरं सोयीचं कोण? चवीबद्दल कधीच तक्रार नाही.

पाकीनोत उपटलेल्या वेलींच्या जागी काय आलं, हे इटलीत कुणालाही विचारा. टोमॅटो. १९८९ मध्ये हाझेरा या इस्रायली बियाणं कंपनीने तिथे चेरी टोमॅटोचे वाण आणले आणि ते प्लास्टिकच्या हरितगृहांत असे फोफावले की ‘पाकीनो’ हे नाव इटालियन मंडईत लहान टोमॅटोचंच नाव होऊन बसलं. २००३ मध्ये त्याला युरोपचं भौगोलिक संरक्षणही मिळालं. जे नाव वाईनला शतकभर मिळालं नाही, ते टोमॅटोने डझनभर वर्षांत मिळवलं.

बाटलीवर स्वतःचं नाव घालण्याचे प्रयत्न तोवर सुरू झाले होते, आणि त्यांची सुरुवात आग्नेयेत झाली नाही. पालेर्मोजवळच्या कास्तेलदाच्चियात सालापारुताच्या ड्यूक घराण्याची १८२४ पासूनची ‘कोर्व्हो’ ही पेढी होती. तिला विसाव्या शतकात वर आणणारा ड्यूक एनरिको आल्लियाता हा मोठा मजेदार माणूस. सिसिलियन सरदार आणि पक्का शाकाहारी. १९३० मध्ये त्याने शाकाहारी पाककृतींचा आणि कच्च्या अन्नाचा जाडजूड ग्रंथ छापला होता. त्याच्यानंतर पेढी घराण्याच्या हातून गेली आणि शेवटी सिसिलीच्या प्रादेशिक सरकारच्या मालकीची झाली. या सरकारी कंपनीत फ्रान्को जाकोझा हा पिएमॉन्तचा वाईनतज्ज्ञ १९६८ मध्ये आला. बेटभर हिंडून, निरनिराळ्या बागांतली द्राक्षं वेगवेगळी आंबवून पाहून त्याने एक जात निवडली, आणि १९८४ च्या पिकाची, ओकच्या लहान पिंपांत मुरवलेली निव्वळ नेरो दाव्होला बाजारात आणली. नाव दिलं ‘दुका एनरिको’. त्याआधी १९७० मध्ये मध्य सिसिलीत काउंट ज्युसेप्पे तास्का याने रेगालेआलीच्या जहागिरीवर नेरो दाव्होला आणि पेरिकोने यांची उंची वाईन केली होती, जुन्या आल्बेरेल्लो बागेतली. पण फक्त या एका द्राक्षावर भिस्त ठेवण्याचं धाडस सरकारी नोकराने केलं. आज वाईनची मासिकं ही सगळी गोष्ट सरदार घराण्यांच्या दूरदृष्टीची म्हणून सांगतात, तेव्हा हा तपशील हळूच गळतो.

मग १९८६ साल उजाडलं. उत्तर इटलीत काही व्यापाऱ्यांनी स्वस्त वाईनमध्ये मिथेनॉल मिसळलं. वीसहून अधिक माणसं मेली, कित्येकांची दृष्टी गेली. भेसळ सिसिलीची नव्हती, पण सुट्या, बेनाम वाईनवरचा विश्वासच उडाला. टँकरने वाईन उत्तरेला पाठवून मोकळं होण्याचा धंदा आता फायद्याचाही उरला नाही.

या वळणावर दिएगो प्लानेता हा माणूस योग्य खुर्चीत होता. मेन्फीच्या सेत्तेसोली या मोठ्या सहकारी वाइनरीचा तो अध्यक्ष, आणि १९८५ पासून सिसिलीच्या द्राक्ष आणि वाईन संस्थेचाही. त्याने तोस्कानातल्या सासिकाया आणि तिन्यानेल्लो या नामांकित वाईन घडवणाऱ्या जाकोमो ताकिसला सल्लागार म्हणून बेटावर आणलं. संस्थेने ठिकठिकाणी प्रायोगिक बागा लावल्या, शेकडो लहान लहान भांड्यांत वेगवेगळी वाईन करून पाहिली. त्यात शार्दोने, काबेर्ने, मेर्लो या परदेशी जातीही होत्या आणि गंमत अशी की जगाचं लक्ष आधी त्यांनीच वेधलं. प्लानेता घराण्याच्या स्वतःच्या वाइनरीचा पहिला गाजावाजा झाला तो १९९० च्या दशकातल्या शार्दोनेमुळे. त्यावर नाकं मुरडणारे आजही आहेत. पण परक्या द्राक्षावर बेटाची पत सिद्ध झाली, म्हणूनच खरेदीदार घरच्या द्राक्षाकडे वळले.

२००० च्या आसपास नेरो दाव्होला एकदम फॅशनमध्ये आली. व्हित्तोरियात नेरो दाव्होला आणि फ्रापातो यांच्या मिश्रणाची ‘चेरासुओलो’ २००५ मध्ये इटलीच्या सर्वोच्च दर्जाच्या यादीत गेली. बेटावरची ती आजही एकमेव. त्या गावात तिघा तरुण मित्रांनी १९८० मध्ये आडनावांची आद्याक्षरं जोडून ‘कॉस’ ही वाइनरी काढली होती, तिचाही यात वाटा मोठा. पाकीनो-नोटो भागात गुल्फी वाइनरीने साल्व्हो फोती या वाईनतज्ज्ञाच्या मदतीने जुन्या आल्बेरेल्लो बागा धरून ठेवल्या आणि प्रत्येक शिवाराची वाईन वेगळी भरली: बुफालेफी, माक्कारी, बारोनी, सान लोरेन्झो. एकाच गावाच्या पांढऱ्या आणि काळ्या मातीतली नेरो दाव्होला किती वेगळी लागते, हे त्यातून प्रथमच ग्लासात दिसलं.

फॅशनबरोबर जुना रोगही परतला. नाव विकलं जातं म्हटल्यावर स्वस्त नेरो दाव्होलाचा पूर आला. द्राक्षं वाटेल तिथे, वाटेल तेवढी पिकवलेली, आणि वाईन टँकरने बेटाबाहेर जाऊन कुठे तरी बाटलीत भरलेली. पूर्वी या वाईनवर दुसऱ्यांची नावं लागत. आता हिचं नाव कशावरही लागू लागलं. २०११ मध्ये संपूर्ण बेटासाठी ‘सिसिलिया’ हा नियंत्रित दर्जा मंजूर झाला, आणि नंतरच्या नियमांनी खालच्या, ढिल्या दर्जाच्या बाटलीवर नेरो दाव्होला हे नाव छापायला बंदी आली. म्हणजे नाव हवं तर उत्पादनाच्या मर्यादा आणि तपासणी पत्करा.

याचा फायदा सगळ्यांना सारखा झालेला नाही. सुमारे १५ हजार हेक्टरवरची ही बेटाची सर्वांत महत्त्वाची काळी जात आहे, पण तिचं बरंच पीक आजही सहकारी वाइनरीत तोलून घातलं जातं, आणि सिसिलीच्या वाईनचा मोठा भाग अजून बेटाबाहेरच बाटलीत जातो. शिवाराचं नाव मिरवणारी बाटली आणि सुपरमार्केटातली स्वस्त बाटली यांच्या मध्ये जो शेतकरी आहे, त्याला जुन्या वेलींपाशी वाकायला मजूर मिळत नाही आणि हरितगृहातला टोमॅटो हंगामात अनेकदा तोडता येतो. कौतुकाचा ओघही आता एटना ज्वालामुखीवरच्या नेरेल्लो मास्कालेझे या दुसऱ्या काळ्या द्राक्षाकडे वळला आहे, आणि त्या उतारांवर जमिनीचे भाव पाकीनोच्या कितीतरी पुढे गेले आहेत. दरम्यान ऑस्ट्रेलियातले उष्ण, कोरड्या भागांतले बागाईतदार नेरो दाव्होला लावू लागले आहेत. वाढत्या उन्हातही आम्ल सोडत नाही, हा तिचा जुना गुण त्यांना हवा आहे, आणि ते बाटलीवर तिचं नाव छापतात.